इबू, पहिला नमस्कार रिकाम्या हातांनी

आदरणीय इबू (म्हणजे आई),

ओम स्वस्त्यस्तु.

तुमची मुलगी हे पत्र तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवणार आहे. तरीही ते चारचौघांत लिहितेय. बालीला निघालेली आमच्याकडची मंडळी देवळांची यादी घेऊन निघतात, माझ्याकडेही होती. त्या देवळांत गेल्यावर करायचं काय, हे मात्र यादीत कुठेच नव्हतं. ते तुमच्या घरी मुक्कामाला होते तेव्हा तुम्ही शिकवलंत.

तुमच्या अंगणातल्या देवघरापाशी मी विचारलं होतं, मूर्ती कुठे आहे? तुम्ही पद्मासनाकडे बोट दाखवलंत. खाली कासव, त्याला विळखा घातलेले नाग आणि सगळ्यात वर दगडी सिंहासन, मोकळं. सांग ह्यांग विधी, म्हणजे तुमचा परमेश्वर, त्याची ही जागा. देव इथे कायम मुक्कामाला नसतात, सणाला बोलावलं की उतरतात, असं तुम्ही सांगितलंत आणि पुन्हा नारळाच्या झावळीच्या द्रोणात फुलं मांडू लागलात. पूर्वेला पांढरी, ईश्वराची. दक्षिणेला तांबडी, ब्रह्माची. पश्चिमेला पिवळी, महादेवाची. उत्तरेला निळी, विष्णूची. निळी मिळाली नाहीत तर हिरवं पान. नावं सगळी ओळखीची, पण त्यांना अशा दिशा वाटून दिलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. रस्त्यात पायाखाली येणाऱ्या त्या द्रोणांना मी तोवर नुसती सजावट समजत होते.

तीर्ता एम्पुलला तुम्ही सोबत आलात, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. दहाव्या शतकापासूनचं ते झऱ्याचं कुंड. मायादानवाने पाणी विषारी केलं तेव्हा इंद्राने जमिनीतून हा झरा काढला, अशी त्याची कथा. पर्यटक पाण्यात उतरून आधी फोटोची जागा शोधत होते. तुम्ही मला आधी नैवेद्य ठेवायला लावलात, मग रांगेत उभं केलंत आणि डावीकडून एकेका धारेखाली डोकं धरायला सांगितलंत. त्यांतल्या दोन धारा आल्या तशी माझा दंड धरून मला पुढे ओढलंत. त्या मृतांच्या विधींच्या. हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं.

उत्सवाचा दिवस तर तुमच्यामुळेच दिसला. ओडालान, म्हणजे देवळाचा वर्धापनदिन, बहुतेक देवळांत दर 210 दिवसांनी येतो, त्यामुळे आमच्या तारखांच्या कॅलेंडरवर तो शोधून सापडत नाही. निघण्याआधी तुम्ही मला कामेन, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसवलंत, कमरेला सेलेंदांगचा पट्टा घट्ट बांधलात (खालच्या वासना खालीच राहाव्यात म्हणून, असं सांगून स्वतःच हसलात) आणि हळूच दोन प्रश्न विचारलेत: पाळी चालू आहे का, घरात कुणी गेलंय का? पाळीचा नियम मला आजही पटत नाही. पण तोच नियम मोठ्या देवळांच्या दारावर इंग्रजी पाटीवर वाचणं वेगळं आणि घरातल्या बाईने कानाशी येऊन विचारणं वेगळं.

देवळाच्या तिसऱ्या, सगळ्यात आतल्या अंगणात परक्यांना सहसा सोडत नाहीत. तुम्ही पमांकूंशी, म्हणजे पुजाऱ्यांशी, काय बोललात कोण जाणे, पण मला तुमच्या शेजारी बसायला मिळालं. तिथे मी तुमचे हात बघत होते. पहिला नमस्कार रिकाम्या हातांनी. मग फूल घेऊन सूर्याला. मग पुढचे, आणि शेवटचा पुन्हा रिकाम्या हातांनी. हात कपाळाच्याही वर. माझी बोटं छातीशीच थांबली तेव्हा तुम्ही कोपराला खालून हात लावून ती वर केलीत. मग तीर्थ: आधी डोक्यावर शिंपडलं, तीनदा प्यायलं, उरलेलं तोंडावरून फिरवलं. ओले तांदूळ कपाळाला चिकटवले. मंत्रातला एखादा संस्कृत शब्द कानावर पडला की मी चमकायची आणि तुम्हाला त्याची गंमत वाटायची.

तनाह लोट आणि उलुवातू या समुद्राकाठच्या देवळांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. समुद्र सुंदर, गर्दी अफाट, माकडं चलाख. बेसाकीहचा मोठा देवळांचा समूह मात्र वेगळा. 1963 साली आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा लाव्हा त्या देवळांच्या अगदी जवळून गेला आणि देवळं वाचली, हे तुमच्याकडून ऐकून मी तिथे गेले होते. त्यामुळे तिथली तीन पद्मासनं बघतानाही नजर मागच्या डोंगराकडेच जात होती. आणि वाटेत दिसलेल्या प्रत्येक गावात मी आपोआप तीन देवळं शोधू लागले: पुसेह, देसा आणि स्मशानाजवळचं दालेम. तीही तुम्हीच लावलेली सवय.

आता कुणी बालीतली देवळं विचारली की मी यादी नंतर देते. आधी सांगते, एखाद्या गावात घरगुती मुक्काम शोधा, जवळपास ओडालान कधी आहे ते घरातल्या बाईला विचारा आणि ती नेसवेल तसं नेसून तिच्या मागे बसा.

तुमच्या वेळेचे, त्या कामेनचे आणि माझ्या कोपराला लावलेल्या हाताचे मनापासून आभार. पमांकूंनाही माझा नमस्कार सांगा. पुढच्या ओडालानची तारीख मुलीकडून कळवा, मी सुट्टी टाकते.

तुमची,
मागच्या खोलीतली पाहुणी