स्की प्लास्टिकची नसते हो, आत लाकूड असतं

संपादक साहेब, नमस्कार.

हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं तेव्हा तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्कीइंगवर अख्खं पान आलं होतं. पान आवडलं, पण दोन गोष्टी खटकल्या आणि तेव्हापासून लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं. एक म्हणजे फोटोखाली 'स्कीचे बूट' छापलंय आणि फोटोत बूट नाहीतच, नुसत्या स्की, म्हणजे बर्फावर घसरायला बुटाखाली लावतात त्या लांब पट्ट्या, भिंतीला टेकवून ठेवल्यात. ते एक वेळ चालेल. पण मजकुरात स्की म्हणजे 'परदेशी कारखान्यात बनणाऱ्या महागड्या प्लास्टिकच्या पट्ट्या' असं लिहिलंय ते काही पटलं नाही. खालचा थर प्लास्टिकचा असतो, बरोबर, स्वस्तातल्या काही स्कीत फोम भरतात हेही खरं, पण बऱ्याचशा चांगल्या स्कीच्या पोटात आजसुद्धा लाकूडच असतं. आणि कारखानाच लागतो असंही काही नाही. मी गॅरेजमध्ये दोन जोड्या केल्यात म्हणून सांगतोय.

मी गेली 11 वर्षं अमेरिकेत युटा राज्यात सँडी म्हणून गाव आहे तिथे राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या शेजारी. घरातून निघालं की अर्ध्यापाऊण तासात अल्टा या स्कीइंगच्या डोंगरावर पोचतो, तिथे उतारावर वर नेणारी लिफ्ट 1939 पासून आहे. नोकरी कॉम्प्युटरची, पण वडील सुतार होते, कराडजवळ गावात, त्यामुळे रंधा आणि पटाशी लहानपणापासून हातात. इथे शेजारी एक रिटायर्ड मेकॅनिक आजोबा आहेत, ते वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये स्की करतात. एकदा सहज डोकावलो तर टेबलावर लाकडाच्या पट्ट्या क्लॅम्प लावून चिकटवत ठेवलेल्या, मी म्हटलं हे तर आमच्या घरचंच काम.

काम असं असतं. अ‍ॅश (जुन्या टेनिस रॅकेटी ज्या लाकडाच्या असायच्या ते) आणि पॉप्लर यांच्या पट्ट्या उभ्या एकमेकींना चिकटवायच्या, तो झाला गाभा. मग त्याची जाडी उतरवायची, पायाखाली 11 मिमी आणि दोन्ही टोकांना 2 मिमी. हे राउटरने करतात (इंटरनेटचा नव्हे, लाकूड खरवडायचं फिरत्या पात्याचं मशीन), तो उताराच्या दोन रुळांवरून सरकवायचा. वडील असते तर रंध्यानेच केलं असतं आणि माझ्यापेक्षा सरळ आलं असतं. त्यानंतर थर. सगळ्यात खाली काळं प्लास्टिक, त्याच्या कडेने स्टीलची धार वाकवून चिकटवायची, टोकाच्या वळणावर ती वाकवताना बोटं सोलून निघतात. धारेवर रबराची पातळ पट्टी, मग फायबरग्लास, मग गाभा, परत फायबरग्लास आणि वरती नायलॉनचा पारदर्शक शीट. मधे सगळीकडे इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा गोंद.

आता प्रेस, हे सगळे थर चिकटेपर्यंत दाबून धरायला. आग विझवायला वापरतात तो पाइप, फायर होज, दोन पोलादी तुळयांच्या मधे साच्यावर आडवा ठेवायचा, दोन्ही तोंडं बंद करायची आणि कॉम्प्रेसरने हवा भरायची. 40 पीएसआय म्हटलं तर काही वाटत नाही, गाडीच्या टायरमध्येही साधारण तेवढीच असते. पण माझी स्की 178 सेमी लांब आणि सरासरी 11 सेमी रुंद, गुणाकार करून बघा, एका स्कीवर जवळजवळ साडेपाच टन पडतात. मी हा गुणाकार नंतर केला. आधी पैसे वाचवायला लाकडी चौकट केली होती, 30 च्या पुढे काटा गेला आणि कोपऱ्यातला बोल्ट बंदुकीसारखा आवाज करून तुटला, पलीकडच्या भिंतीला खड्डा आहे अजून. आजोबा एवढंच म्हणाले की सांगितलं होतं.

पहिल्या जोडीत आणखी एक प्रकार झाला. घाई नको म्हणून सगळं इपॉक्सी एकदमच बादलीत कालवलं. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता सुटते, पसरलेलं असेल तर ती निघून जाते पण बादलीत साठून राहिलं की तापतच जातं. फायबरग्लास अंथरेपर्यंत बादलीतून धूर यायला लागला, बूड मऊ पडलं, आणि आतला गोळा दगडासारखा झाला. तो गोळा अजून ठेवलाय, दार उघडं राहावं म्हणून लावतो. आता थोडं थोडं कालवतो आणि पसरट ट्रेमध्ये ओततो. थंडीत गॅरेज तापवावं पण लागतं, नाहीतर इपॉक्सी घट्टच होत नाही.

वरच्या नायलॉनखाली कापड घालता येतं. मी आईच्या जुन्या इरकल साडीचा काठ घातला, इपॉक्सीने भिजल्यावर रंग एक छटा गडद होतो पण दिसतो झकास. फोटो पाठवला तर आईचा फोन, माझी साडी पायाखाली घेतलीस? काय बोलणार! दुसऱ्या जोडीला साधं छापील कापड आणलं.

स्की सपाट फरशीवर ठेवली की मधे थोडी उचललेली राहते, धनुष्यासारखी, उभं राहिलं की दबून सपाट होते आणि वजन टोकांपर्यंत पोचतं. शिवाय ती कमरेत बारीक असते, माझी पुढे 130 मिमी, मधे 98, मागे 118. त्यामुळे कडेवर कलवली आणि दाबली की आपोआप वळते. ही कमरेची गोष्ट गाजवली नॉर्वेतल्या मॉर्गेदालच्या सोंद्रे नॉरहाइमने. 1825 चा जन्म, गरीब घरचा, स्की स्वतःच करायचा आणि टाचेभोवती डहाळ्या पिळून बांधायचा. उतारवयात तो अमेरिकेत आला आणि 1897 मध्ये नॉर्थ डकोटात वारला, जिथे स्की करायला धड डोंगर नाही. नंतर अ‍ॅल्युमिनियमची स्की बाजारात रूढ केली ती हॉवर्ड हेडने, विमान कारखान्यातला इंजिनिअर, त्याच्या पहिल्या जोड्या तर मोडल्याच. माझी पहिली जोडी मोडली नाही पण डावी स्की पिळवटलेली निघाली, उजवीकडे वळताना ऐकते, डावीकडे विचार करते.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी आणि पडलो तर सोडणारी पकड, मात्र विकतचंच, ते घरी करू नये, गुडघ्याचा प्रश्न असतो. इथल्या एका दुकानात बसवायला नेलं तर घरगुती स्कीला आम्ही हात लावत नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर असेल, उद्या काही झालं तर कोर्टात कोण जाणार, पण ज्या माणसाने सांगितलं तो स्की हातात घेऊन पाच मिनिटं उलटीपालटी करत होता. मग 3.5 मिमीचं ड्रिल घेऊन मीच भोकं पाडली, 9 मिमीला टेप गुंडाळून, म्हणजे खालून बाहेर येऊ नये. बूट किती जोरात सुटला पाहिजे ते मात्र दुसरीकडे मशीनवर तपासून घेतलं.

महाग म्हणाल तर सामान एका जोडीला साधारण 200 डॉलरचं, प्रेस आणि मोडलेलं सगळं धरलं तर दुकानातली स्वस्त पडली असती, ते खोटं कशाला सांगू. पण तुमचं वाक्य वाचून कराडकडच्या एखाद्या सुताराच्या पोराला वाटणार की हे काहीतरी लांबचं, प्लास्टिकचं, आपलं नाही. त्याला यातलं अर्ध्याहून जास्त काम आधीच येतं. पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा एखादी स्की आडवी कापलेली असा फोटो छापा, थर मोजता येतात. नाही मिळाला तर ती पिळवटलेली डावी कापून मी फोटो पाठवतो, तशीही पडूनच आहे. फक्त साडीचा काठ दिसणार नाही असा काढीन, आई तुमचाच पेपर वाचते.

आपला एक वाचक,
सँडी, युटा