मिस्त्री काका, त्या दिवशी मशीन चालू न करू दिल्याबद्दल

आदरणीय मिस्त्री काका,
सादर नमस्कार.

मागच्या रविवारी कळमेश्वरच्या शेतातल्या निंबाची शेवटची फळी निघाली. २ इंच जाडीच्या ९ फळ्या झाल्या, एकही वाकडी नाही. मशीन बंद केली आणि पहिली आठवण तुमची आली. तुमच्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात उभं राहून आभार मानायला गेलो तर तुम्ही "चहा घ्या" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितो आहे, आणि सगळ्यांसमोर लिहितो आहे. जुनी मोठी चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी करवत) घ्यायच्या विचारात असलेल्या माणसालाही तुम्ही मला काय शिकवलं ते कळू दे.

मामांच्या बांधावरचा तो निंब मे महिन्याच्या वादळात मुळासकट आडवा झाला. माझ्या लहानपणी त्याच्या सावलीत आमची जेवणं व्हायची. खोड ९ फूट लांब, मधोमध २८ इंच रुंद, वजन टनभर तरी असेल. लकडगंजच्या आरा मशीनवर न्यायचं तर क्रेन पाहिजे, आणि मधे नाला असल्यानं क्रेन काही तिथवर जात नव्हती. लोक म्हणाले, तुकडे करून जळणाला द्या. मी सुतार आहे काका. इतकं सरळ खोड चुलीत जाताना मला पाहवलं नसतं. झाडापाशीच फळ्या पाडायच्या ठरवल्या, आणि त्यासाठी स्टील (Stihl) कंपनीची एमएस ६६० चेनसॉ शोधून काढली. ९१.६ सीसीची, ३६ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) लावलेली, जुनी, २२ हजार रुपयांना. विकणाऱ्यानं दोनदा दोरी ओढून चालू करून दाखवली. आवाज दमदार होता. मी पैसे मोजले.

घरी आणून जाड ओंडक्यावर लावली तर पाच मिनिटांत आवाज बारीक झाला. रेस सोडली तरी इंजिन खाली येईना, आपोआप वर वरच जाऊन राहिलं. मग बंद पडली. थंड झाल्यावर पुन्हा चालू झाली, म्हणून मला वाटलं की कार्बोरेटरमध्ये कचरा असेल. तशीच तुमच्याकडे घेऊन आलो. शेतावर दुसऱ्या दिवशी मजूर सांगितले होते. मी म्हणालो, काका, कार्बोरेटर साफ करून द्या, बाकीचं नंतर पाहू.

तुम्ही कार्बोरेटरला हातही लावला नाही. सायलेन्सरचे नट खोलले, टॉर्च आत धरला आणि मला वाकून पाहायला लावलं. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूनं उभे ओरखडे होते, कोणी खिळ्यानं ओढल्यासारखे. मी लगेच विचारलं, नवीन पिस्टन टाकला तर संध्याकाळपर्यंत होईल का? तुमचं उत्तर मला शब्दाला शब्द आठवतं. "होते ना. पण जुना कशानं गेला ते पाहिल्याशिवाय नवीन टाकला, तर तोही जाईन. मशीन इथंच राहू द्या, आज चालू करू नका."

मी तेव्हा थोडा चिडलो होतो. तुम्हाला ते दिसलं असणार, तरी तुम्ही आवाज चढवला नाही. मजुरांना फोन करून नाही सांगितलं आणि तिथंच स्टुलावर बसलो. ते बसणं माझ्या फार उपयोगाचं ठरलं.

सायलेन्सरच्या जागी तुम्ही जुन्या ट्यूबचं रबर दाबून बसवलं, कार्बोरेटरकडचं तोंडही तसंच बंद केलं. पिस्टन खाली ठेवला आणि प्लगच्या भोकातून हातपंपानं अर्धा बार दाबाची हवा भरली. पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू उतरायला लागला. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. सिलिंडरच्या बुडाशी काही नाही. इनटेकच्या रबराशी काही नाही. फ्लायव्हील काढून क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला ब्रश लावला, तिथं आधी एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. तुम्ही क्रँक जरासा फिरवला, तसा त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. "हवा घेऊन राहिली ना हे," तुम्ही म्हणालात आणि ब्रश माझ्या हातात दिला, मीच लावून पाहावं म्हणून.

टू-स्ट्रोक इंजिनला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल हेच त्याचं वंगण, हे मला माहीत होतं. पण पेट्रोल-तेलाचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत ओढलं जातं, आणि क्रँकच्या टोकाचं रबरी सील फाटलं असलं की तिथून फुकटची हवा शिरते, हे त्या दिवशी कळलं. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं, पेट्रोलसोबत तेलही कमी पडतं. इंजिन वर वर पळतं, तापतं, आणि पिस्टन सिलिंडरला घासतो. आदल्या दिवशी जी मला ताकद वाटत होती, ती तापाची लक्षणं होती. त्या अवस्थेत ती २८ इंची खोडात घातली असती तर तासाभरात पिस्टन पुरता अडकला असता, आणि चिकटलेल्या पिस्टननं सिलिंडरही नेला असता.

सिलिंडर तुम्ही वाचवला, हे मला विशेष लिहायचं आहे. नवीन विकून तुमचे चार पैसे सुटले असते. तुम्ही कापसाच्या बोळ्यावर थोडं ॲसिड घेऊन भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम हळूहळू उतरवलं, पाण्यानं धुतलं, नख फिरवून पाहिलं आणि म्हणालात, आतला कडक थर शाबूत आहे, हाच चालेल. ५४ मिलिमीटरचा पिस्टन, रिंगा, दोन्ही बाजूंची सीलं, पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर एवढंच नवीन. कार्बोरेटरचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, मात्र पापडासारखा कडक झाला होता, तोही बदलला. सगळं बसवल्यावर पुन्हा हवा भरली, आणि मग उलट हवा ओढूनही पाहिली, कारण काही सीलं दाब धरतात पण ओढीला सोडतात. दोन्ही वेळा काटा हलला नाही, तेव्हाच तुम्ही मशीनची दोरी माझ्या हातात दिली.

त्यानंतरची शिकवण तर फुकटच होती. आडवं झाड तोडायच्या चेनचा दात ३० अंशांना घासलेला असतो, उभ्या रेषेत फळी पाडायला तो १० अंशांना घासायचा. तुम्ही पहिले चार दात घासून दाखवले, बाकीचे माझ्याकडून करून घेतले. फळी पाडताना इंजिन सगळा वेळ पूर्ण जोरावर असतं, म्हणून पेट्रोलचा स्क्रू जरा सैल ठेवायचा. लाकडाबाहेर आवाज किंचित फाटका यावा, लाकडात शिरला की साफ व्हावा. १ लिटरला २० मिलि तेल, मोजून. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं, म्हणून काम संपलं की टाकी रिकामी. काप संपल्यावर लगेच बंद न करता अर्धा मिनिट हळू चालू द्यायची. नागपूरच्या उन्हात दुपारी अजिबात नाही, पहाटे सुरू करून दहाच्या आत आवरायचं. आणि पडलेल्या झाडाचेही कागद आधी करून घ्या, हेही तुम्हीच बजावलं होतं.

मी सगळं पाळलं. पहिल्या कापाला खोडावर सरळ शिडी ठोकली आणि तिच्यावरून मिलची, म्हणजे फळ्या पाडायला चेनसॉला लावायची, चौकट सरकवली. पहिली फळी उलटी केली तेव्हा मामा जवळ आले, त्यांनी त्यावर तळहात फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. गाभा लालसर तपकिरी निघाला आहे. कडू वास अजून हातांना आहे.

फळ्या सावलीत रचल्या आहेत, मधे पट्ट्या ठेवून, दोन्ही टोकांना रंग लावून. वाळायला दोन उन्हाळे जातील. तुम्ही ज्या पत्र्याच्या पेटीवर मशिनी खोलता ती एका बाजूनं खचली आहे, आणि बारीक स्क्रू घरंगळून खाली जातात हे मी त्या दिवशी तीनदा पाहिलं. गाभ्याची, सगळ्यात रुंद फळी तिच्या जागी तुमच्या कामाच्या टेबलासाठी बाजूला ठेवली आहे. तो माझ्या मामांच्या बांधावरचा निंब आहे, तेव्हा पैशाचं बोलू नका. शनिवारी माप घ्यायला येतो. उंची तुम्हाला उभ्यानं पाहिजे की बसून, तेवढं ठरवून ठेवा.

तुमचा,
निंबाच्या खोडवाला सुतार