हार्वेस्टच्या (चर्चमधल्या पिकाच्या उपकारस्तुतीच्या) रविवारनंतर मनूला

प्रिय मनू,

प्रभूच्या नावात सलाम.

पोचल्याचा मेसेज बघितला काल सकाळी. "पोचले" एवढाच एक शब्द, त्यावर मी काय लिहू कळंना म्हणून तसाच ठेवला. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, पप्पांना गोळ्या देऊन झोपवलंय आणि मी स्वयंपाकघरात बसून हे टाइप करतेय. फोन केला तर तू "बरं मम्मी" म्हणून ठेवणार आणि मी इकडं रडत बसणार. पहिलंच सांगते, भांडायला लिहीत नाहीये. स्टेशनवरचं तर काढायचंच नाही असं ठरवून बसलेय.

निळा डबा उघडलास का? खाली शेंगाचटणी आहे, वरच्या पिशवीत येळ्ळूरचा बासमती, यंदाचाच आहे, नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, दोन शिट्ट्यांच्या वर जाऊ देऊ नकोस नाहीतर गिचका होतो आणि वास पण जातो. रताळी दोन-तीन दिवसांत उकडून खा. रूमवरच्या पोरींना पण दे.

तर आता लिहितेच, मनातून जातच नाहीये. आपल्यात कोणी गावाला निघालं की प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या प्रार्थना करायची हे तुझ्या आज्जीपासूनचं आहे. लोक बघायचे, लहानपणी तुला लाज वाटायची ते मला कळायचं, माझ्या पदराआड तोंड लपवायचीस, आणि तरी शेवटी सगळ्यात मोठ्यानं आमेन तूच म्हणायचीस, एकदा तर हमाल पण हसून आमेन म्हटला होता. रविवारी पप्पांनी किती वेळ घेतला बघितलंस ना, "सांभाळ" म्हणताना तीनदा जीभ अडकली, गाडी सुटायला दोन मिनिटं, तरी पूर्ण केली प्रार्थना. मी आमेन म्हटलं, सॅमीनं म्हटलं. तू बॅगेची चेन लावत होतीस.

चेन लागत नसेल कदाचित. मी स्वतःला तसंच सांगितलं घरी येताना.

रात्री जेवताना मी जे बोलले ना, बेंगळूरचं वारं लागलंय वगैरे, ते बोलायला नको होतं. पप्पांसमोर तर नकोच होतं. माफ कर मला. तू जे विचारलंस ते विचारण्यासारखंच होतं गे, पॅरालिसिसनं हात गेला, वाजवायची पेटी गेली, बोलणं निम्मं गेलं आणि त्या माणसानं चर्चमध्ये उभं राहून कशाचे आभार मानायचे, हार्वेस्टच्या लिलावातला भोपळा तरी डोळ्यांना दिसतो, आत्मिक आशीर्वाद कुठल्या पोत्यात भरून आणलेत दाखव. मला त्यावर उत्तर आलं नाही म्हणून मी चिडले. उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि ते पण अर्धंमुर्धं.

एक सांगू, मला पण खटकतं कधीकधी. हार्वेस्टला जो तो उठतो आणि साक्ष देतो, मुलाला व्हिसा मिळाला, वरचा मजला झाला, गाडी घेतली, प्रभूची स्तुती असो. स्तुती असोच, माझं काही म्हणणं नाही, आपण पण प्लॉट झाला तेव्हा उभे राहिलोच होतो की. पण मिळालेल्या वस्तूंचीच उपकारस्तुती करायची असेल तर ज्याच्या घरातून गेलंय त्यानं त्या दिवशी कुठं बसायचं? मागच्या बाकावर? पप्पा म्हणूनच उठले असं मला वाटतं. त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं, काठी टेकून उठायला लागले तेव्हा मला वाटलं बाथरूमला जायचंय.

आणि तू पूर्ण ऐकलंच नाहीस. पहिला शब्द अडकला तशी तू उठून बाहेर गेलीस, रूथआत्या काय म्हणाली ते सोड, मला माहीत आहे तुला बघवलं नाही म्हणून गेलीस. पण बरे झालो म्हणून आभार असं ते म्हणालेच नाहीत. बरे झालेत कुठं. चार मिनिटं उभे होते आणि चार मिनिटांत एवढंच म्हणाले, माझी पापं माफ आहेत, त्याला माझं नाव माहीत आहे, मी त्याचा आहे. मग थांबले, आम्हाला वाटलं झालं, पाळकसाहेब पुढं यायला लागले तर हातानं थांबवलं आणि म्हणाले, "अजून." अजून त्याचाच आहे. कन्नड सर्व्हिसची माणसं दारात येऊन थांबली होती, ती पण गप्प झाली.

काल मी बायबलातलं पौलाचं इफिसकरांस पत्र काढून बसले. तोच पहिला अध्याय, दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) क्लासला तुला पाठ करायला लावला होता आणि तू मधेच श्वास कुठं घ्यायचा म्हणून विचारायचीस. पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं की मूळ ग्रीकमध्ये तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत सगळं एकच वाक्य आहे. पौल बेडीत होता बघ ते लिहिताना, त्याच पत्रात शेवटी स्वतः म्हणतो, आणि तुखिकाच्या हातून पाठवून दिलं. बेडीतला माणूस जेवण मिळालं, सुटका जवळ आलीय असलं काही लिहीत नाही, नुसता एका दमात मोजत सुटलाय, आपल्याला निवडलं, दत्तक घेतलं, सोडवलं, क्षमा केली, शिक्का मारला. आणि पुढं कधी देईल असं नाही, प्रत्येक आत्मिक आशीर्वाद दिलेला आहे असं, झालेल्या गोष्टीसारखं. मी इतकी वर्षं वाचत आले पण ते "आहे" माझ्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

दत्तक या शब्दावर तर मी थांबलेच. माझी अज्जी सहा वर्षांची होती, १९१८ च्या तापाच्या साथीत आईबाप दोघं एकाच आठवड्यात गेले, घरच्यांनी कोणी ठेवून घेतलं नाही, मिशनच्या बंगल्यात वाढली. तुला तिचा तो एकच फोटो माहीत आहे, ट्रंकेतला. ती रात्री झोपताना बोटं मोजायची, मला वाटायचं हिशोब करतेय, दूधवाल्याचा. एकदा विचारलं तर म्हणाली, आज कोणाकोणाची आहे ते मोजते, आणि अंगठ्याला पहिलं प्रभूचं नाव. माझी पहिली पोस्टिंग बैलहोंगलला होती ना, तिथं कित्तूरच्या राणी चन्नम्माची समाधी आहे, आम्ही नर्सेस संध्याकाळी तिकडं फिरायला जायचो. १८२४ ला कित्तूरचं जे झालं ते दत्तकावरूनच की, तिनं घेतलेला मुलगा इंग्रजांनी मानला नाही, वारस म्हणून नामंजूर केला, केवढी लढाई झाली, कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि शेवटी ती कैदेतच १८२९ ला गेली. तिथं उभी राहिले की मला अज्जी आठवायची. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला दत्तक नामंजूर होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि अज्जीसारख्या पोरीला, जिला सख्ख्या चुलत्यानं दारात उभं केलं नाही, तिला वाचायला मिळतं की देवानं तुला घेतलंय आणि ते कोणी नामंजूर करू शकत नाही. म्हणून ती मोजायची.

आणि विसार. तेच वचन, पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार. पप्पांनी आपल्या प्लॉटला पाच हजार विसार दिला तेव्हा तू पोटात होतीस, पुढं तीन वर्षं तिथं नुसतं गवत होतं, पावसात गुडघाभर चिखल, तरी आम्ही रविवारी संध्याकाळी तिथं जाऊन उभे राहायचो आणि पप्पा पायानं रेघ मारून दाखवायचे, इथं चूल, इथं माझी पेटी. दुसऱ्याला विचारलं असतं तर गवतच दिसलं असतं.

बघ, परत उपदेश सुरू झाला माझा. सॉरी. जे खरं सांगायचंय ते राहिलंच, आणि ते मी तुला सव्वा वर्ष सांगितलेलं नाही.

पप्पांना त्रास सुरू झाला तो तू समजतेस तसा सकाळी दहाला नाही. सहा वाजताच झाला. जुलैचा पाऊस, लाइट नव्हती, मी चहा दिला तर कप हातातून सुटला, बोलणं थोडं जड आलं, मला वाटलं रात्री झोप नाही, बीपीची गोळी चुकली असेल, मी गोळी दिली आणि झोपा म्हटलं. एकतीस वर्षं नर्सिंग केलेली बाई मी. तोंड वाकडं झालंय का ते मेणबत्ती धरून बघायचं सुद्धा मला सुचलं नाही. आठला उठवलं तेव्हा उजवा हात उचलेना. मग पहिल्या दवाखान्यात स्कॅनचं मशीन बंद, तिथं तास गेला, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात, आत घेतलं तोवर साडेअकरा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मला माहीत होतं ते. डॉक्टरांनी विचारलं सुरुवात किती वाजता, मी सहा म्हटलं, त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत.

तुला मी दहा सांगितलं. तू रडत होतीस फोनवर, आणि मला भीती वाटली की तू मला माफ करणार नाहीस.

ते दोन तास माझे आहेत मनू. त्या रात्री कॉरिडॉरमध्ये मला प्रार्थना सुद्धा करता आली नाही, दुसऱ्यांच्या बायकांना मी वॉर्डात प्रार्थना शिकवल्यात आणि मला शब्द फुटेना, नुसतं प्रभू, प्रभू. पुढं कितीतरी दिवस सहा वाजले की मला जाग यायची आणि छातीत धडधडायचं. मग नाताळच्या आधी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि प्याला घ्यायच्या, आदल्या रात्री, मी पप्पांना सांगितलं. तेव्हा तर त्यांना जेमतेम चार-पाच शब्द यायचे. त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं. माफ." दुसऱ्या दिवशी मी प्याला घेतला आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला वाटलं की हे माझ्यासाठी आहे, या एका बाईसाठी, त्या दोन तासांसाठी. त्या रात्रीपासून मला झोप लागते. सहाला जाग येते अजून, पण चहा ठेवायला.

तू म्हणालीस पोत्यात दाखव. हे कुठल्या पोत्यात घालू मी? लिलावाला मांडलं तर कोण बोली लावणार? पण हे नसतं तर मी आज वेडी झाले असते, एवढं मी तुला नर्स म्हणून सांगते.

आता तू चिडशील, आधी का नाही सांगितलं म्हणून. चीड. पण फोन उचल.

तुझ्यावर माझा राग नाहीये, उलट काय सांगू, पहिल्या पगाराचं दशांशाचं, देवाच्या दहाव्या हिश्शाचं, पाकीट तू गुपचूप चर्चच्या दानपेटीत टाकलंस ते आमच्या खजिनदारांनी मला सांगितलं होतं, नाव नव्हतं पण अक्षर ओळखलं त्यांनी. आणि २०१९ च्या पुरात, ऑगस्टात, कॉलेज बंद होतं तेव्हा दिवसभर खिचडी वाढून यायचीस, अंगाला धुराचा वास, आणि एक दिवस म्हणालीस मम्मी एका अज्जीचं सगळं घर गेलंय आणि ती ताट हातात घेऊन आधी डोळे मिटून बसली, मला पण मग थांबावं लागलं. तू सांगितलेलं मी विसरले नाही. तू विसरलीस का? बघ, विचारणार नव्हते.

तिकडं रात्री जेवताना एकटीच मोबाईल बघत जेवतेस असं सॅमी म्हणाला. दोन सेकंद डोळे मिटलेस तरी पुरे, मोठ्यानं नको, कोणाला कळायला नको. चर्चला जायला जमत नसेल तर मी रागावणार नाही. खरंतर थोडं वाटेल, पण रागावणार नाही. आणि तुला राग देवावर असेल तर त्यालाच सांग, स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी पण कमी नाही विचारलंय, किती वेळ, किती वेळ, म्हणून. मला न बोलता त्याच्याशी अबोला धरलास तर मात्र मला भीती वाटते. एवढीच भीती आहे बघ मला, बाकी पगार, लग्न, ते रूथआत्याला करू दे.

पप्पा रोज सकाळी डाव्या हातानं पेटीवर सूर धरतात आता, भाता सॅमी मारतो. एकाच हाताचं गाणं होतं, अर्धं ऐकू येतं आणि अर्धं आपण मनात लावायचं. काल विचारत होते, मनू जेवली का. ट्रेनमधलं त्यांनी बघितलं नाही असं मला वाटत होतं. पण रात्री गोळ्या देताना म्हणाले, "चेन. लागली?" मी लागली म्हटलं.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. साडेआठच्या आत फोन कर, मग त्यांना कपडे घालायला वेळ लागतो. पटापट बोलू नकोस, ते शब्द शोधत असतात तेव्हा तू वाक्य पूर्ण करून टाकतेस, तसं करू नकोस, थांब थोडं. ते फोनवर प्रार्थना करतीलच, तू त्यांना ओळखतेस. शेवटी तू काय म्हणायचं ते तुझं तू बघ, मी जवळ बसणार नाही, आत चहा ठेवायला जाईन.

बासमतीला दोनच शिट्ट्या.

तुझी,
मम्मी