ट्रेलरखाली झोपून पाहणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही. "एवढं काय केलं मी," असं म्हणाल. तरी लिहिते आहे, कारण समोर बोलायला गेलं की माझा गळा दाटून येतो आणि तुम्ही लगेच विषय बदलता.

तुमच्याआधी बोट वाहून न्यायचा माझा तो गंजलेला ट्रेलर मी बऱ्याच जणांना दाखवला होता. एकाने गेटातूनच नजर टाकली आणि "भंगारात घाला" म्हणाला. दुसऱ्याने सगळा सांगाडा सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज उडवून, जस्ताचा मुलामा चढवायचा हिशेब मांडला. तेवढ्या पैशांत दुसरा ट्रेलर आला असता. माझं बजेट ऐकल्यावर तर त्याने फोन उचलणंच बंद केलं. राग याचा आहे की त्यांच्यातल्या एकालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात तेव्हा कुठेतरी कार्यक्रमाला निघाला होतात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी "नंतर बघू" म्हणेपर्यंत तुम्ही पाठीवर झोपून ट्रेलरखाली सरकलासुद्धा होतात. आतून हातोडी मागितलीत. डॉक्टर छातीवर बोटं ठोकून ऐकतात तसे तुम्ही सांगाड्याची एकेक नळी ठोकत गेलात. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आला की खडूची फुली. फुल्या थोड्याच पडल्या, त्याही चाकांच्या ॲक्सलजवळ, जिथे खारं पाणी साचून राहतं तिथे. मग बाहेर येऊन हातोडी माझ्या हातात दिलीत. "आता तुम्ही ठोका, आणि ऐका. लोखंड शाबूत आहे, वरची साल गेलीय फक्त."

शर्टाच्या पाठीवर गंजाचा हा एवढा तांबडा पट्टा उमटला होता. तसेच गेलात कार्यक्रमाला.

पुढचं सगळं काम इथे सांगत बसत नाही. फुल्यांच्या जागी वेल्डिंग झालं, बाकीचं तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने निभावलं. पण तुमच्या दोन गोष्टी कायमच्या लक्षात राहिल्या. एक म्हणजे गोड्या पाण्याने धुणं. गंजाच्या खळग्यांत मीठ उरलं तर वरून कितीही भारी रंग द्या, तो आतून फुगतोच. म्हणून नळ्यांची बुजलेली भोकं तारेने मोकळी करून आतूनही पाणी सोडायला लावलंत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावू दिला नाहीत. दुसरी गोष्ट कडांची. ओला रंग धारेवरून मागे सरतो, तिथेच पातळ राहतो आणि गंज तिथूनच पुन्हा सुरुवात करतो. त्यामुळे आधी कडा, वेल्डिंगचे सांधे आणि बोल्ट ब्रशने रंगवायचे, मग बाकीचं. "पैसे घालायचेच तर प्रायमरवर घाला, वरचा इनॅमल साधा चालेल," हे तुमचं वाक्य माझ्या खिशाला केवढा आधार देऊन गेलं म्हणून सांगू! चासी नंबरची पट्टी रंगाखाली जाऊ नये म्हणून तिच्यावर मी न सांगताच तुम्ही टेप चिकटवलीत, तेही पाहिलं मी.

ज्याच्या हातात खरंच कला असते तो समोरच्याची ऐपत मोजत बसत नाही, हे तुमच्याकडे पाहून पटलं. "जमेल" असं म्हणणारा माणूस भेटला की निम्मं काम तिथेच होतं. अशी माणसं अजून आहेत. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो आणि फसवणाऱ्यांबद्दल तासन्‌तास, याचं मला वाईट वाटतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि घेणारही नाही. तेव्हा एवढंच सांगते: झिंक प्रायमरचा अर्धा डबा घट्ट झाकण लावून ठेवलाय, ब्रशही धुऊन ठेवलेत. तुमच्याकडे असाच कोणी गंजलेला ट्रेलर घेऊन आला, तर त्याला माझा नंबर द्या. घासायला मी येईन.

तुमची कृतज्ञ,
ट्रेलरवाली