ज्याच्याकडे चेंडू मारायचाच नाही

नेपरव्हिल, इलिनॉय

प्रिय दिन्या,

तुझा भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. पोरगा चढाईत वाघ, पण पकडीत शून्य. म्हणून निवडीला बसलेली मंडळी नाक मुरडतात आणि तू आता त्याला कव्हरला उभा करून पकड शिकवतोयस. कबड्डीतलं मी तुला काय सांगणार? पण ऐकता ऐकता मला इथला एक अमेरिकन फुटबॉलवाला आठवला, डेव्हिन हेस्टर. फोनवर सांगायला गेलो की तू "तो हेल्मेटवाला रग्बी ना?" म्हणून चेष्टा सुरू करतोस, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं. लिहिताना तरी तुला मधे बोलता येत नाही.

आधी जेवढ्यास तेवढा खेळ सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. त्याखेरीज तिसरी एक पलटण असते, तिला स्पेशल टीम्स म्हणतात. चेंडू लाथेने मारायची वेळ आली की ही पलटण मैदानात उतरते. सामन्याच्या आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला, तसंच गुण झाल्यावर, चेंडू लाथेने समोरच्याकडे धाडतात, तो किकऑफ. चार प्रयत्नांत दहा यार्ड होत नाहीत असं दिसलं की चौथ्या वेळी संघ चेंडू लांब उडवून समोरच्याच्या गळ्यात घालतो, तो पंट. आणि तो उडालेला चेंडू झेलून उलटा पळत सुटणारा जो गडी, तो रिटर्नर.

पंट चार-साडेचार सेकंद हवेत असतो. तेवढ्या वेळात रिटर्नरची मान वर, नजर चेंडूवर आणि समोरून दांडगे गडी सुसाट धावत येताहेत, ज्यांच्याकडे त्याला बघताही येत नाही. हात हलवून 'फेअर कॅच' मागितला तर कोणी हात लावत नाही, पण मग पळताही येत नाही. नाही मागितला आणि चेंडू हातातून निसटला तर सामना गेला, आणि दुसऱ्या दिवशी गावभर शिव्या. बहुतेक संघ हे काम राखीव पोरावर ढकलतात, कारण आपल्या महागड्या खेळाडूचे गुडघे कोण पणाला लावणार?

हेस्टर फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीचचा. मायामी विद्यापीठात त्याला बचावात खेळवला, आक्रमणात खेळवला, पण पक्की जागा कुठलीच नाही. २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ विद्यापीठातली पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात, शिकागो बेअर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत, एकूण ५७ व्या क्रमांकावर घेतला. कागदावर तो कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातला गडी. पहिलाच अधिकृत सामना ग्रीन बेला, बेअर्सचं ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर त्यांच्याच अंगणात, आणि पठ्ठ्याने ८४ यार्ड पंट परत आणून टचडाउन केलं, म्हणजे चेंडू घेऊन थेट समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोहोचला.

त्याच ऑक्टोबरात ॲरिझोनाविरुद्धचा सोमवार रात्रीचा सामना झाला. मध्यंतराला बेअर्स ०-२० ने मागे. आक्रमण चालवणारा गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, रेक्स ग्रॉसमनने चेंडू इतक्या वेळा घालवला की बघवत नव्हतं. आक्रमणाने रात्रभरात एक टचडाउन केलं नाही. बचावाने दोनदा चेंडू हिसकावून नेला, आणि शेवटची तीनएक मिनिटं उरली असताना हेस्टरने ८३ यार्डांचा पंट परत आणला. २४-२३. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक डेनिस ग्रीन पत्रकार परिषदेत असे भडकले की तो थयथयाट लोक अजून नकला करून दाखवतात.

नोव्हेंबरात जायंट्सविरुद्ध तर त्याने फसवणूकच केली म्हण. त्यांनी ५२ यार्डांवरून खांबांमधून मारून गुण घ्यायला लगावलेली किक, म्हणजे फील्ड गोल, कमी पडली. पार मागे, स्वतःच्या एंड झोनच्या आत, हेस्टरने ती झेलली आणि आता काही होणार नाही अशा थाटात दोन पावलं निवांत टाकली. समोरचे ढिले पडले. आणि हा सुटला तो १०८ यार्ड! आदल्या वर्षी त्याच्याच संघातल्या नेथन व्हॅशरने केलेल्या विक्रमाशी बरोबरी. डिसेंबरात सेंट लुईसला एकाच सामन्यात दोन किकऑफ परत आणले. पहिल्याच हंगामात अशी सहा टचडाउन. तेवीस नंबरची जर्सी घातलेली पोरं तेव्हा इथे मॉलमध्ये पैशाला पासरी दिसायची.

मग ४ फेब्रुवारी २००७, मायामीतला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. समोर पेटन मॅनिंगचे कोल्ट्स. मैदानावर पाऊस. आम्ही सगळे मराठी लोक एकाच्या घरी जमलो होतो. निम्म्यांना खेळ कळत नव्हता, ते भजी खायला आले होते. चहा आणायला आत गेलेला माणूस परत येईस्तोवर हेस्टर ९२ यार्ड पळून मोकळा झाला होता. चौदा सेकंद लागले! सुपर बोलच्या पहिल्याच किकऑफवर टचडाउन त्याआधी कोणी केलेलं नव्हतं. त्यानंतर कोल्ट्सनी त्याला सरळ, उंच चेंडू देणंच बंद केलं. जमिनीवरून सरपटत्या किका मारत राहिले आणि २९-१७ ने जिंकले. दिन्या, मला खरी गंमत तिथे दिसते. त्या रात्रीपासून बहुतेकांना उपाय सापडला: त्याच्याकडे चेंडू जाऊच द्यायचा नाही.

तुझ्या खेळात हे शक्य नाही. चढाईपटूची पाळी आली की त्याला रेषा ओलांडायला कोण अडवणार? इथे मात्र रिटर्नरची पाळी समोरच्याच्या पायात असते. किकऑफ मैदानाबाहेर गेला तर शिक्षा म्हणून बेअर्सना चेंडू थेट ४० यार्डांच्या रेषेवर मिळायचा. तरीही 'घ्या बाबा चाळीस, पण हेस्टर नको' असा हिशेब संघ करायला लागले. म्हणजे तो नुसता उभा राहूनही संघाला जमीन मिळवून देत होता. आकड्यांच्या कुठल्याच रकान्यात हे येत नाही. सगळेच शहाणे नव्हते म्हणा. २००७ च्या नोव्हेंबरात डेन्व्हरचा पंटर टॉड सॉअरब्रन 'आम्ही त्याच्याकडेच मारणार' म्हणाला, आणि हेस्टरने एक पंट आणि एक किकऑफ, दोन्ही परत आणले. बेअर्स जादा वेळात ३७-३४ ने जिंकले. त्या हंगामातही सहा टचडाउन.

आता तुझ्या कामाचा भाग. दोन वर्षांत इतकं करून दाखवल्यावर बेअर्सना वाटलं, एवढा वेग आहे तर प्रत्येक डावात का वापरू नये? त्याला पूर्णवेळ वाइड रिसीव्हर केला, म्हणजे पास झेलणारा. एकट्या व्यवस्थापनाला दोष देता येत नाही, कारण रिसीव्हरला जो पैसा मिळतो तो रिटर्नरला कोणी देत नाही. त्यालाही नवा करार हवाच होता, कोणाला नको असतो? पण २००८ आणि २००९, लागोपाठ दोन हंगाम, रिटर्नवर एकही टचडाउन नाही. २००९ मध्ये त्याने ५७ पास झेलले, ७५७ यार्ड केले. आकडे वाईट नाहीत. पण तेवढं करणारे त्या लीगमध्ये डझनांनी होते, आणि हेस्टर एकच होता. सामनाभर रिसीव्हर म्हणून धावून दमलेल्या पायांनी तो पंट झेलायला यायचा, हे मला टीव्हीवर दिसायचं. प्रशिक्षकांना दिसत नसेल असं वाटत नाही. त्यांना बहुधा वाटलं असेल, शिकेल हळूहळू. (तुझ्या मेसेजमधलं हे तुझंच वाक्य आहे, मी मुद्दाम लिहिलं.)

२०१० मध्ये तो परत पेटला, तीन पंट. २०११ मध्ये आणखी तीन टचडाउन, त्यातलं एक किकऑफवर. पण त्याच वर्षी लीगने किकऑफची जागा ३० वरून ३५ यार्डांच्या रेषेवर आणली. पूर्ण वेगात समोरासमोर धडकून डोक्याला इजा होत होत्या, म्हणून. कारण रास्त होतं. परिणाम असा की चेंडू पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा एंड झोनमध्येच पडायला लागला, तिथून पळायची गरजच नसते, आणि रिटर्न रोडावले. २०१३ मध्ये त्याला पुन्हा निव्वळ रिटर्नर केला आणि वॉशिंग्टनविरुद्ध ८१ यार्ड पळून त्याने डीऑन सँडर्सच्या १९ टचडाउनच्या विक्रमाशी बरोबरी केली. सँडर्स हा त्याचा आदर्श आणि गुरुही. सँडर्सचं टोपणनाव 'प्राइम टाइम', तर याचं 'एनीटाइम'. मग बेअर्सनी त्याला सोडला. विसावं टचडाउन आलं अटलांटा फाल्कन्सच्या जर्सीत, १८ सप्टेंबर २०१४ ला, टॅम्पा बेविरुद्ध ६२ यार्डांचा पंट. शेवटचे काही यार्ड तो सँडर्सच्याच ढंगात गुडघे उंच उचलत धावला. वीसपैकी चौदा पंट, पाच किकऑफ, आणि एक ती १०८ यार्डांची. सुपर बोलचं यात धरत नाहीत, त्याची खातेवही वेगळी.

पुढे पायाच्या अंगठ्याची दुखापत, बाल्टिमोर, आणि जानेवारी २०१७ मध्ये सिअॅटलकडून अटलांटातच, जुन्याच घरी, प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना. तिथे त्याने ८० यार्ड पंट परत आणला होता, पण मागे त्याच्या एका जोडीदाराने कोणाला तरी धरून ठेवलं होतं. पंचाचं पिवळं फडकं पडलं आणि सगळं रद्द. तो त्याचा अखेरचा सामना. रिटर्नर कितीही मोठा असो, त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे दहा जण लागतातच. बेअर्सचे तेव्हाचे स्पेशल टीम्सचे प्रशिक्षक डेव्ह टूब यांचं नाव म्हणूनच घ्यायला हवं.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या कँटनच्या दालनात, घ्यायलाही मंडळींनी तीन वर्षं घोळ घातला. २०२२ मध्ये अंतिम यादीत होता, राहिला. २०२३ मध्येही तेच. मोजक्या चेंडूंपुरता येणारा गडी दिवसभर राबणाऱ्यांच्या पंगतीत कसा, असा आक्षेप. शेवटी २०२४ च्या ऑगस्टमध्ये कँटनला त्याचा पुतळा बसला. निव्वळ रिटर्नच्या जोरावर तिथे पोहोचलेला तो पहिला. आणि त्याच वर्षी लीगने किकऑफचा अख्खा नियम बदलला, कारण रिटर्न इतके कमी झाले होते की लोक किकऑफच्या वेळी फ्रिजकडे जायला लागले होते!

पोराला पकड शिकव, नको म्हणत नाही. पण त्याची चढाई रोजच्या सरावात पहिली ठेव, पाय ताजे असताना. पकड नंतर. आणि निवडीला बसतात त्यांना एकदा विचार, याच्या चढाईला समोरचा संघ बचाव बदलतो की नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव.

तुझा,
संज्या

ता. क. व्हिडिओ पाठवतोय. ॲरिझोनाच्या सामन्याचा पूर्वार्ध सोडून दे, त्यात बघण्यासारखं काही नाही.