केस आधी गळतात, हे छापाल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत केसगळतीवर अर्धं पान आलं होतं ते वाचलं. लेख ठीक होता, ताण घेऊ नका, झोप नीट घ्या वगैरे. पण त्याच्या बरोब्बर खाली एक जाहिरात होती, तीन फोटोंची, आधी, दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, आणि ती बघून मी एकटाच हसत बसलो कारण पहिल्या फोटोत लाईट डोक्याच्या वरून मारलाय आणि केस ओले आहेत, तिसऱ्यात लाईट समोरून आणि केस वाळवून फुगवून पुढे ओढलेत. हे मला लगेच कळतं कारण सहा वर्षं मी स्वतःच्या डोक्याचे असेच फोटो काढतोय. मोबाईलमध्ये त्यांचा वेगळा फोल्डर आहे आणि त्याचं नाव मी 'टॅक्स' ठेवलंय म्हणजे कोणी उघडायला जाणार नाही.

माझं वय २७. सुरुवात झाली २१ व्या वर्षी, मित्राने मागून काढलेल्या एका व्हिडिओत. भोवऱ्यापाशी चमकणारी कातडी दिसली आणि मी विचारलं हा कोण रे, आणि सगळे एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्यातून मला कळलं.

घरी प्रत्येकाकडे कारण तयार होतं. हेल्मेट, पाणी, शाम्पू, रात्रीची जागरणं. आईने तिच्या वडिलांचं नाव घेतलं कारण टक्कल आईकडूनच येतं असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, पुरुषी हार्मोन ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरचं जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं आणि मुलाला एक्स आईकडून मिळतो हे बरोबर, पण बाकीची ढीगभर जनुकं दोन्हीकडून येतात. बाबा तेव्हा टोपी घालून बसले होते, ते काहीच बोलले नाहीत.

नंतर वाचून वाचून कळलं की केस 'गळतात' हा शब्दच थोडा फसवा आहे. रोजचे ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात, दाट केसवाल्यांचे पण. माझ्यासारख्यांत काय होतं तर टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, त्याने कपाळाच्या वरची आणि भोवऱ्याची मुळं आक्रसत जातात, मग दर खेपेला येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो, शेवटी नुसती लव उरते. मी महिनाभर बाथरूमच्या जाळीवरचे केस मोजायचो, वहीत लिहायचो, आणि ती सगळी मोजदाद फुकट होती कारण खरी गोष्ट जाळीवर नव्हतीच, डोक्यावर उरलेल्या केसांच्या जाडीत होती. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की वयात येण्याआधी खच्चीकरण झालेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. म्हणजे खात्रीचा उपाय तेव्हापासून माहीत आहे, घ्यायला कोणी पुढे येत नाही एवढंच.

पहिलं वर्ष तेलात गेलं. कांद्याचा रस पण लावला, आठवडाभर कोणी शेजारी बसेना. त्यावर २००२ चा एक छोटा अभ्यास आहे, पण तो चाईवरचा आहे, चाई म्हणजे गोल गोल चकत्या पडतात तो पूर्ण वेगळा आजार, आणि सांगणारे हे कधीच सांगत नाहीत. इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षं जुन्या वैद्यकीय लिखाणात सिंह, पाणघोडा, मगर वगैरेंची चरबी टकलावर चोळायचा उपाय दिलाय, त्या मानाने माझं तेल बरं, वास तरी चांगला होता.

मग बायोटिन, केसांसाठी म्हणून विकतात ते बी गटातलं व्हिटॅमिन. जेवढा डोस जास्त तेवढं चांगलं असं समजून रोज १० मिलिग्रॅम घ्यायचो, आणि त्याच दरम्यान थायरॉईडची टेस्ट केली तर रिपोर्टमध्ये थायरॉईड वाढलेला. चार दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण. मला तर छातीत धडधडायला पण लागलं, रिपोर्ट वाचल्यानंतर बरं का, आधी नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला केसांच्या गोळ्या घेतोस का, त्या बंद करायला लावल्या, आठवड्याने परत टेस्ट केली तर सगळं नॉर्मल. जास्त बायोटिन रक्तात असलं की काही टेस्ट चुकतात, थायरॉईडचीच नाही, हार्ट अटॅक ओळखायला जी ट्रोपोनिन टेस्ट करतात ती सुद्धा. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ मध्ये यावर इशारा दिलाय. आणि शरीरात बायोटिन कमी नसेल तर या गोळ्यांनी केस येतात याला काही आधार नाही, अशी कमतरता तशी क्वचितच असते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मिनॉक्सिडिल. हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध, १९७९ मध्ये अमेरिकेत गोळी म्हणून आलं, घेणाऱ्यांच्या अंगावर, तोंडावर केस उगवायला लागले तेव्हा कंपनीला सुचलं की हे डोक्याला लावून बघू, आणि १९८८ मध्ये ते केसांचं औषध झालं. म्हणजे थोतांड नाहीये, काम करतं. मी सुरू केलं, रोज दोन वेळा, अगदी इमानदारीत. पाचव्या आठवड्यात केस मूठभर यायला लागले हातात. उशीवर, कॉलरवर, कीबोर्डवर. मला वाटलं औषधानेच माझं वाटोळं केलं, बाटली फेकून दिली आणि वर मित्रांना पण सांगत सुटलो की हात लावू नका.

दोन वर्षांनी मला कळलं की हे औषध सुरू केलं की आधी असं गळतं. केसाचं मूळ काही वर्षं केस वाढवतं आणि मग तीनेक महिने आराम करतं, आरामातला केस नुसता अडकून बसलेला असतो. औषध मुळाला लवकर कामाला लावतं, खालून नवा केस निघतो आणि जुना पडतो. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात हे होतं आणि पुढे थांबतं, मग चारेक महिन्यांनी कुठे काही दिसायला लागतं, नीट अंदाज यायला वर्ष जातं. म्हणजे ज्या आठवड्यात मी बाटली फेकली त्या आठवड्यात बहुतेक ते काम करत होतं. एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती, आणि दोन वर्षांत किती मुळं गेली ते फोल्डरमध्ये दिसतंच.

(ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी, हे औषध मांजरांना विषारी आहे, लावून उशीवर डोकं ठेवलं आणि मांजर तिथे लोळलं तरी धोका. हे पण कोणी सांगत नाही.)

या दोन वर्षांत मी एका क्लिनिकमध्ये गेलो होतो, नाव लिहीत नाही. पांढरा कोट घातलेल्या माणसाने कॅमेऱ्याने माझं डोकं मोठ्या स्क्रीनवर दाखवलं, चंद्रावरचे खड्डे दिसतात तसं दिसत होतं, कोणाचंही तसंच दिसेल. तो डॉक्टर नव्हता, काउन्सेलर होता, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. पीआरपीची सहा सेशन्स घेतली, म्हणजे आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचतात. काहींना फरक पडतो म्हणतात, मला दुखलं तेवढं नक्की. मग ते ट्रान्सप्लांटवर आले. आज बुक केलं तर सूट. मी २४ वर्षांचा होतो आणि सही करणारच होतो, पण पेन चालेना म्हणून उद्या येतो म्हटलं. खरंच पेन चालेना.

त्या रात्री झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी एका खऱ्या त्वचारोग तज्ज्ञ मॅडमकडे गेलो. मला वाटलं त्या पण करून टाक म्हणतील. त्यांनी डोकं बघितलं, बाबांचा फोटो मागितला, मामाचा मागितला, आणि म्हणाल्या आत्ता अजिबात नाही. मग कागदावर डोकं काढून समजावलं, दहा मिनिटं, आणि तसं मला आजवर कोणीच समजावलं नव्हतं. ट्रान्सप्लांटमध्ये नवीन केस एकही तयार होत नाही, मागचे पुढे नेतात. मागच्या केसांना डीएचटीचा त्रास होत नाही आणि पुढे लावले तरी ते आपला स्वभाव सोडत नाहीत, १९५९ मध्ये ऑरेंट्राइच नावाच्या डॉक्टरने हे मांडलं आणि सगळा धंदा त्यावर उभा आहे. पण मागचा साठा मोजका, एकदाच वापरायचा. तू आत्ता पुढे दाट रेषा लावशील, म्हणाल्या, आणि त्याच्या मागचे तुझे स्वतःचे केस पुढच्या पाच वर्षांत जातील, मग पुढे झालर आणि मागे मैदान, आणि ते बुजवायला शिल्लक काही नाही. आधी गळती थांबव, काही वर्षं जाऊ दे, मग बघू. आणि लावलेले केस सुद्धा पहिल्या महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी परत निघतात, पूर्ण निकाल वर्षाने. इथे पण आधी गळणं आहेच! तिथल्या भिंतीवरच्या एकाही फोटोत तो पहिला महिना नव्हता.

मॅडमनी मिनॉक्सिडिल परत सुरू करायला लावलं आणि फिनास्टेराईड दिलं. या गोळीबद्दल मुलं एकमेकांत कुजबुजतात म्हणून उघडच लिहितो. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची १९९२ ला आली, केसांसाठी १ मिलिग्रॅमची १९९७ ला, रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्के खाली आणते. लैंगिक त्रासाची भीती असते, चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के लोकांनी असा त्रास सांगितला. मी पहिले तीन आठवडे रोज सकाळी स्वतःची हजेरी घ्यायचो, आणि असं लक्ष ठेवलं की कोणालाही काहीतरी बिघडल्यासारखं वाटणारच. २००७ मध्ये ५ मिलिग्रॅमवाल्या प्रोस्टेटच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, ज्यांना त्रास होऊ शकतो असं आधी सांगितलं त्यांच्यात ४३.६ टक्क्यांनी त्रास सांगितला, ज्यांना नाही सांगितलं त्यांच्यात १५.३. म्हणून सांगूच नये असं मी म्हणत नाहीये, उलट. काहींचं मन खरंच खचतं, २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केलाय. मॅडमनी मला आधी विचारलं होतं डिप्रेशन होतं का कधी, आणि तसं काही वाटलं तर गोळी बंद कर आणि त्याच दिवशी फोन कर असं सांगितलं होतं. वहिनी तेव्हा प्रेग्नंट होती, तर फुटलेली गोळी तिच्या हाताला लागू देऊ नकोस हे पण दोनदा बजावलं. अ‍ॅपवर चार प्रश्न विचारून गोळ्या घरी पाठवतात त्यात हे कोण विचारणार?

आता तीन वर्षं झाली. भोवरा बराच भरलाय, कपाळ जिथे होतं तिथेच थांबलंय, जे आधीच गेलं होतं त्यातलं फारसं परत आलं नाही. औषध बंद केलं तर काही महिन्यांत मिळालेलं सगळं जाणार हे मला माहीत आहे आणि एखाद दिवशी कंटाळून मी ते बंद करेनही, मशीन फिरवून मोकळा होईन, ते सुद्धा काही वाईट दिसत नाही माझ्या डोक्यावर, एकदा करून बघितलंय. पण ते मी ठरवणार, कोणत्या पेनच्या भरवशावर नाही.

तुम्ही जाहिराती बंद करा असं म्हणणार नाही, पेपर चालवायचा तुम्हाला. निदान केसांच्या जाहिरातीतल्या फोटोंखाली तारीख आणि कोणतं औषध किती दिवस, एवढं तरी मागा त्यांच्याकडे. आणि पुरवणीत परत केसांवर लेख घ्याल तेव्हा झोप आणि ताण याच्याआधी स्किनच्या डॉक्टरला घड्याळ विचारा, कोणत्या उपायाला किती महिने आणि मध्ये काय काय होतं.

पत्र मोठं झालंय, कापावं लागेल. कांदा कापा, इजिप्त कापा, माझा मित्राचा व्हिडिओ पण कापला तरी चालेल. पाचव्या आठवड्याचा पॅरा तेवढा राहू द्या, आणि जमलं तर त्या जाहिरातीच्या शेजारी.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव छापू नये, ऑफिसात अजून सगळ्यांना वाटतं मी हौसेने टोपी घालतो)