शुभविवाद

वाई,
मंगळवार, रात्री

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोन मधेच ठेवलास. आई म्हणाली, रेंज गेली असेल. रेंज गेली नव्हती हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ‘बाबा, मी म्हणजे तुम्ही नाही,’ एवढं म्हणालीस आणि बंद. खोटं काही बोलली नाहीस. मी मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. फोनवर माझं एकाचं दुसरं होतं. कागदावर निदान खोडता येतं.

आधीच सांगून टाकतो, तो प्रश्न मी या पत्रात विचारणार नाही.

औषधकंपनीची नोकरी नाकारलीस, ठीक आहे. तू विचार केला असशील. सप्टेंबरात करार संपतो आणि पुढचा अर्ज मंजूर झाला तर झाला, हेही समजलं. पीएचडीनंतर असं सहा वर्षं करारावर राहता येतं, मग कायमची जागा नाहीतर पिशवी उचला, असा तिकडचा, जर्मनीचा, कायदा तूच मागे सांगितला होतास. सप्टेंबरात त्यातली चार सरतील. मी बोटं मोजत नाही, पण मोजली जातात. हाताशी सहा महिन्यांचा खर्च असू दे. त्या मैत्रिणीला दिलेले पैसे मागून घे, लाजू नकोस. रात्री दोनदोनपर्यंत स्क्रीनसमोर बसतेस, अण्णांच्या डोळ्यांचं काय झालं ते तू पाहिलं आहेस. भात एकदाच लावून तीन दिवस खाणं हे काही

असो. लेक्चर द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर.

तुला हायडलबर्गला प्रवेश मिळाला तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं? ‘मशीनच्या गावाला?’ आमच्या लेखी हायडलबर्ग म्हणजे गाव नव्हतंच. छापखान्यात मागच्या खोलीत उभी असायची ती हायडलबर्ग. पंख्यासारखे फिरणारे दोन हात, एक कोरा कागद उचलतोय, दुसरा छापलेला ठेवतोय. तिचा आवाज घाटावर ऐकू यायचा. सतरा वर्षांचा असताना पहिल्यांदा बघितली आणि अर्धा तास तिथून हललो नाही. तिच्या गावाला माझी मुलगी जाईल, तेही कॉम्प्युटर शिकून, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर मालकांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

वीस वर्षं मी खिळे जुळवले, छपाईची शिशाची सुटी अक्षरं. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खणांच्या पेटीत, केसमध्ये. कुठल्या खणात काय ते बोटांना माहीत. डोळे कॉपीवर, मूळ मजकुरावर. अक्षरं उलटी वाचायची, ओळ भरायची, चिमट्याने चुकलेला खिळा उपसायचा. तुला हे सगळं पाठ आहे. पण १९९४ ची ती दुपार मी तुला कधी नीट सांगितली नाही. तू तेव्हा आईच्या कडेवर होतीस.

भंगारवाला आला होता. अंगणात काटा लावला. केसमधले खण एकेक करून पोत्यात उपडे केले. क, ख, ग सगळं एकत्र, रफार, वेलांट्या, आकडे, आणि मग पोतं काट्यावर. खिळे किलोवर गेले, मनू. आत दोन टेबलांवर दोन कॉम्प्युटर येऊन बसले होते. मालक वाईट नव्हते, त्यांनी महिन्याचा पगार जास्तीचा दिला. मी खाली वाकून एक खिळा उचलला आणि खिशात टाकला. तो ‘ळ’ अजून तुझ्या टेबलावर आहे ना?

नंतर महिन्याभराने तिथला मुलगा घरी आला. बावीसचा असेल. जोडाक्षर कुठे तोडायचं ते त्याला कळत नव्हतं आणि मशीनलाही कळत नव्हतं. त्याला मी दोन तास बसून दाखवलं. मग मालकांनीच निरोप पाठवला की प्रुफं वाचाल का, पानावर पैसे देऊ. तुझी शाळा त्या पानांवर झाली. माझा हात गेला पण डोळा राहिला, असं मी लोकांना सांगतो. ऐकायला बरं वाटतं. पानाला किती मिळायचे ते आईला विचार.

म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये तू फोन केलास ना, तेव्हा मला तुझा आवाज लगेच ओळखू आला. इथे सगळं बंद, तिथेही बंद. तू सांगत होतीस की १९९४ पासून दर दोन वर्षांनी ती परीक्षा होते. प्रथिनाची नुसती अक्षरांची माळ देतात, घडी घातल्यावर त्याचा आकार कसा होईल ते ओळखायचं, उत्तर बंद पाकिटात. आणि यंदा अल्फाफोल्ड नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामने शंभरात नव्वदीच्या पुढे गुण मिळवले. तू तीन वर्षं त्याच कोड्यावर बसली होतीस. ‘बाबा, माझा प्रबंध संपला,’ म्हणालीस. मी विचारलं, लिहून झाला का? तू म्हणालीस, नाही, संपला.

त्या क्षणी मला काटा दिसला. अंगणातला. (आणि बघ, तोही १९९४ चाच. योगायोग असतील, पण मला असले योगायोग आवडत नाहीत.)

अल्फाफोल्डवाल्यांचं काही चुकलं नाही हे तूच मला समजावलंस. ते यंत्र हवेतून शिकलं नाही. १९७१ पासून जगभरच्या लोकांनी एकेका प्रथिनाचे स्फटिक करून, क्ष-किरण टाकून, एकेका आकारासाठी वर्षं घालवून जे एका कोठारात जमा केलं, ते पावणेदोन लाखांच्या आसपासचे आकार त्याने आधी वाचले. पुढे २०२२ साली त्यांनी वीस कोटी आकार ओळखून सगळ्यांना फुकट खुले केले. २०२४ ला नोबेल मिळालं, तेव्हा तू पेढे घेतलेस म्हणालीस. मला नवल वाटलं. मला त्या दोन कॉम्प्युटरांसाठी पेढे वाटता आले नसते.

तू मात्र खचली नाहीस, वळलीस. हे मी कुणाकुणाला सांगतो याची यादी केली तर तू चिडशील. बँकेतले, घाटावरचे, दूधवाला. आणि मी तुझं काम असं समजावतो: शुभविवाद.

तू हसशील. तीनशे पत्रिका छापून झाल्या होत्या, वर सोनेरी गणपती आणि खाली ठसठशीत ‘शुभविवाद’. ‘ह’च्या खणात ‘द’ पडला होता. जुनं पान मोडून खिळे परत टाकणारा मीच. आठ दिवसांचा पगार कापला गेला आणि त्या घरचे वधूपिते मला आयुष्यभर रस्ता ओलांडून टाळत राहिले. तेच अक्षर कुठे आतल्या पानात, एखाद्या लांबलचक वाक्यात पडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ‘की’ची ‘कि’ रोज होते, कुणी मरत नाही.

सिकलसेलचं तू सांगितलंस तेव्हा मी आईला हेच म्हणालो. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे घरोघर तो आजार. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत अमिनो आम्लांचे १४६ मणी, आणि सहावा मणी बदललेला. तोही का, तर डीएनएमध्ये जीएजीचं जीटीजी झालं. मधला एक ए गेला, टी आला. तेवढ्यावर रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि पोर कळवळतं. पण प्रत्येक माणसाच्या तीनशे कोटी अक्षरांत असे चाळीस-पन्नास लाख फरक असतातच, हे ऐकून मी झोपलो नव्हतो. एवढे मुद्रणदोष, आणि तरी माणूस चालतोय, भांडतोय, फोन ठेवतोय! त्यातला ‘शुभविवाद’ कुठला आणि ‘कि’ कुठली, हे ओळखायचं. हेच ना तुझं काम? हे मला कळतं. हे तर माझंच काम.

आणि मग सप्टेंबर २०२३. एका मण्याजागी दुसरा येण्याचे ७ कोटी १० लाख प्रकार, आणि त्यातल्या ८९ टक्क्यांवर घातक की निरुपद्रवी असा शिक्का, एका फटक्यात. ते अल्फामिसेन्स नावाचं नवं यंत्र. तू म्हणालीस, बाबा, शिक्का म्हणजे निदान नव्हे, का घातक ते तो सांगत नाही, आणि जनुकं सोडून मधली जी अफाट जागा आहे तिला त्याने हातही लावलेला नाही. मी हो म्हणालो. पण मला तो बावीस वर्षांचा मुलगा आठवला, जोडाक्षर विचारायला आलेला. दुसऱ्यांदा तो आला नाही. मशीनमध्ये नवीन फॉन्ट आला होता.

तर मनू, तिसऱ्यांदाही

नाही विचारत. विचारणार नाही म्हणालो होतो. खोडत मात्र नाही, तुला खोडलेलं वाचता येतंच.

तू दुसरी-तिसरीत असल्यापासून ओसरीवर माझ्यासमोर बसून कॉपी वाचायचीस, मी प्रूफ बघायचो. स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद, सगळं मोठ्याने. ‘राम स्वल्पविराम लक्ष्मण आणि सीता पूर्णविराम.’ शाळेत कविता म्हणतानाही तू एकदा ‘उद्गारचिन्ह’ म्हणालीस आणि बाईंनी चिठ्ठी पाठवली. दोन माळा शेजारी ठेवून कुठे जुळतात, कुठे सुटतात ते बघायचं, यालाच पुढे तुमच्यात मोठं नाव आहे असं तू एमएस्सीला असताना सांगितलंस. आणि त्या मार्गारेट डेहॉफ बाईंचं. १९६५ साली त्यांनी ६५ प्रथिनांच्या माळा एका पुस्तकात मांडल्या, आणि कॉम्प्युटरात जागा पुरावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला एकेकच अक्षर दिलं. ती बाई मला एकदम आपल्यातली वाटली. जागा वाचवण्यात आमचंही आयुष्य गेलं.

तू मी नाहीस. बरोबर. मला खण माहीत होते, पण भाषा कुणी बनवली ते मी कधी विचारलं नाही. तू विचारतेस. तुला कंपनी नको आणि ते कोडंच हवं, हे मला आतून कळतं. बाहेरून मात्र मला सप्टेंबर दिसतो. दोन्ही एकाच वेळी. त्याला मी काय करू?

आईने मेतकूट आणि कुळीथ पीठ भरून ठेवलंय, ताईच्या दिराबरोबर येईल, तो पंधरा तारखेला निघतोय. शकूमावशीचं ठीक आहे, पण तू फोन केलास तर तिला बरं वाटेल. ते मागचं तिने सोडून दिलंय. रविवारी मी फोनपाशी असेन. मी पावसाचं विचारीन. दुसरं काही तोंडातून निघालं तर खुशाल ठेवून दे, रेंज गेली असं मी आईला सांगेन.

तुझे
बाबा

ता. क. : तुझा जानेवारीतला पेपर सायबरवाल्याकडून छापून आणला. चौदा पानं. अर्थ विचारू नकोस, पण ओळ न ओळ पट्टी लावून पाहिली. स्पेलिंगची एकही चूक नाही, ते मशीनने बघितलं असणार. मात्र तक्ता दोनमध्ये ३१७ आहे आणि पान नऊवर, खालून सहाव्या ओळीत, तोच आकडा ३७१ झालाय. खरा कुठला ते तूच बघ.